पडण्याआधीचा खर्च

२०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान भारत योजनेखाली, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, रुग्णालयीन उपचार मिळू शकतात. पेण किंवा रोह्यातील एखादी आजी मोरीत घसरून खुब्याचे हाड मोडून बसली, तर तिला या योजनेचा आधार आहे. ती पडू नये यासाठी मात्र तीत तरतूद नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास हा हिशेब उमगत नाही.

व्यायामाने वृद्धांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेत आढळले. स्मृतिभ्रंश झालेल्यांबाबतचा पुरावा तितका भक्कम नाही, हे खरे. पण पडण्याचा धोका त्यांनाच अधिक. शिवाय त्यांना नुसते सांगून भागत नाही. त्याच वेळी, त्याच खुर्चीपाशी, समोर उभे राहून करून दाखवावे लागते: हात न टेकता उठणे, ओटा धरून टाचा उचलणे. हे करवून घेणार कोण? मुलगा पहाटेच्या गाडीने मुंबईस गेलेला, घरी सून एकटी. (आपण जिचे गोडवे गातो ती कुटुंबव्यवस्था बहुधा हीच!) आशा सेविकांना हे शिकवून, वेगळा मोबदला देऊन, आठवड्यातून दोनदा घरी पाठविता येईल. खुब्याच्या एका शस्त्रक्रियेच्या पैशांत अशा किती फेऱ्या होतील, हे रायगड जिल्हा परिषदेने एकदा मांडून पाहावे.