खारी हवा आणि घरची गाडी

मार्वेहून मनोरीला माणूस बोटीने येतो. मोटार मात्र भाईंदर-उत्तनमार्गे. मोठ्या कुटुंबासाठी साठवलेल्या पैशांतून जुनी बोलेरो किंवा स्कॉर्पिओ घेणाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या मालकांचा अनुभव लक्षात ठेवावा: इथे इंजिनाआधी पत्रा थकतो.

बोलेरो २००० साली आली, स्कॉर्पिओ २००२ साली. दोन्हींचा भार शिडीसारख्या लोखंडी चेसिसवर असतो. खाऱ्या हवेने ती गंजली, तर इंजिन ठणठणीत असूनही गाडी धोक्याची. म्हणून विकत घेण्याआधी गॅरेजमध्ये गाडी वर उचलून खालून पाहा. घेतल्यावर खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा, दारांखालची पाणी निघण्याची भोके मोकळी ठेवा. पंधरा वर्षांनी आरटीओ तपासणी करतेच. पण घरची माणसे रोज बसतात, तेव्हा आपली तपासणी दर पावसाळ्यानंतर हवी.