लोकसंख्येचा अंदाज आणि बांधकाम परवानगी : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

शहराच्या विकास योजनेत रस्ते, आरक्षणे व निवासी विभाग नकाशावर दिसतात. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला आकडा नकाशावर नसतो. पुढील साधारण वीस वर्षांत तेथे किती माणसे राहतील, हा तो आकडा होय. परवानगी मागणाऱ्या नागरिकास तो ठाऊकही नसतो; तथापि त्याची जमीन निवासी विभागात आली की शेती विभागात राहिली, हे पुष्कळ अंशी त्यावरूनच ठरलेले असते. पालघर व बोईसर-तारापूर परिसराचे वैशिष्ट्य असे की, येथे असे दोन आकडे आहेत. एक वाढ गृहीत धरतो, दुसरा वाढ मर्यादित असावी असे सांगतो.

अंदाजापासून परवानगीपर्यंत :

मागील जनगणनांतील वाढीचा कल पुढे नेऊन भावी लोकसंख्या काढली जाते व तिला अपेक्षित घनतेने भागून निवासी जमिनीची गरज ठरते. उदाहरणादाखल, १ लाख लोकसंख्या व हेक्टरी २५० माणसे धरल्यास ४०० हेक्टर जमीन लागते. अंदाज दीड लाखांचा केल्यास ६०० हेक्टर. मधल्या २०० हेक्टरांवर घर बांधता येईल की नाही, हे केवळ एका गृहीतकाने ठरते. शाळा, दवाखाने व पाणीपुरवठा यांचे प्रमाणही त्याच आकड्यावर बेतलेले असते.

योजना मंजूर झाली की आकड्याचे काम मात्र संपते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खालील अर्जाची छाननी करताना जमिनीचा विभाग, रस्त्याची रुंदी, चटई क्षेत्र निर्देशांक व सामासिक अंतरे पाहिली जातात. आजवर दिलेल्या परवानग्यांतून किती माणसांची सोय झाली, हा प्रश्न त्या छाननीत येत नाही. कलम ४५ मध्ये जपलेला आकडा आहे तो ६० दिवसांचा. त्या मुदतीत निर्णय न कळविल्यास नियमांशी सुसंगत प्रस्तावाची परवानगी मिळाली असे मानले जाते. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने अधिमूल्य भरून वाढीव चटई क्षेत्र घेण्याची सोय केली. त्यामुळे जुन्या योजनेत धरलेली घनता मूळ अंदाज न बदलताही बदलू शकते.

इंग्लंडमध्ये याउलट व्यवस्था आहे. तेथे पाच वर्षांपुरत्या घरांसाठी जमीन उपलब्ध असल्याचे स्थानिक संस्थेला दाखवता आले नाही, तर परवानगीचे पारडे अर्जदाराकडे झुकते. म्हणजे आकडा प्रत्यक्ष निर्णयात उतरतो.

अणुवीज केंद्राभोवतीची मर्यादा :

तारापूर अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्थळनिवडीविषयक संहितेनुसार केंद्रालगत वस्तीस पूर्ण मनाई असलेले क्षेत्र असते. त्यापुढे सुमारे ५ किलोमीटरपर्यंत लोकसंख्येची केवळ नैसर्गिक वाढ अपेक्षित असते, तर १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजनाचे क्षेत्र असते. १९९० च्या संहितेत १० किलोमीटरच्या आत दहा हजारांहून मोठी व ३० किलोमीटरच्या आत एक लाखाहून मोठी वस्ती नसावी, अशी अपेक्षा नोंदविली होती. हे निकष नव्या स्थळाच्या निवडीसाठी होते. पूर्वीच उभ्या असलेल्या केंद्राशेजारच्या गावांना ते बंधनकारक नव्हेत. तरीही त्यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. केंद्रापासून साधारण १० किलोमीटरवरील बोईसरची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ३६ हजार होती. पालघर नगरपरिषदेची सुमारे ६९ हजार. तारापूरची औद्योगिक वसाहत केंद्र व बोईसर यांच्या दरम्यानच आहे, आणि कारखाना आला की कामगारांची घरे दूर राहत नाहीत.

परवानगी देणारे हात अनेक आहेत. पालघर शहरात नगरपरिषद, औद्योगिक क्षेत्रात औद्योगिक विकास महामंडळ, गावांच्या हद्दीत जिल्हा प्रशासन, तर सुमारे ४४० हेक्टरांच्या नव्या पालघर नगराच्या विकासाचे काम सिडकोकडे सोपविले गेले. प्रत्येक संस्था आपल्या हद्दीपुरता विचार करते. अपघाताच्या प्रसंगी मात्र वाऱ्याची दिशा हद्द पाळत नाही, आणि बाहेर पडण्याचे रस्ते सर्वांना सामाईक असतात. परवानगीविना उभ्या राहिलेल्या चाळींतील भाडेकरू तर कोणत्याच अर्जात नसतो. तो मोजला जातो तो जनगणनेतच.

२०२१ ची जनगणना लांबणीवर पडून पुढे २०२७ ची म्हणून जाहीर झाली. दरम्यान एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत गेली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. २०११ चा पाया धरून काढलेल्या कोणत्याही अंदाजाच्या मुळाशी असलेली मोजणी या तिन्ही घटनांपूर्वीची आहे.