परक्या मुलुखातला दिवस

१९०८ च्या सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात नेले, तेव्हा त्यांना बावन्न वर्षे पूर्ण झाली होती. मधुमेह जडलेला होता, शिक्षा सहा वर्षांची होती, आणि त्या हवेत हा देह टिकेल अशी हमी कोणी देऊ शकत नव्हते. मंडालेचा तो तुरुंग जुन्या राजवाड्याच्या तटबंदीच्या आत होता. त्या राजवाड्याचा शेवटचा धनी थिबा राजा त्याच वेळी टिळकांच्या जन्मगावी, म्हणजे रत्नागिरीत, नजरकैदेत दिवस काढत होता. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवले, आधी मद्रासला नेले आणि एप्रिल १८८६ मध्ये कोकणच्या किनाऱ्यावर आणून ठेवले. रत्नागिरीत जन्मलेला एक माणूस मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, दोघेही पन्नाशीच्या आसपास, दोघेही सरकारच्या पहाऱ्यात. परदेशात उतरत्या वयाचे दिवस कसे जातात, कोणाला शांतता मिळते आणि कोणाला नुसता एकांत, हे पाहायचे असेल तर या दोन आयुष्यांइतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे सापडणार नाही. प्रश्न आजचाही आहे. सोलापुरातल्या कित्येक घरांत मुले पुण्याला, हैदराबादला आणि तिथून पुढे सिंगापूर, बँकॉक, तोक्योपर्यंत गेली आहेत, आणि आईवडिलांनी तिकडे जाऊन राहावे का, या विचाराने ती घरे अस्वस्थ आहेत. माझे म्हणणे असे आहे की परक्या मुलुखातले शांत म्हातारपण सुखसोयींवर ठरत नाही आणि त्या देशाच्या धर्मावरही ठरत नाही. ते दिवसाच्या तासांवर ठरते. ते तास भरायला स्वतःचे काम लागते, आणि त्या कामाची साधने दुसऱ्या कोणीतरी जपून पुरवावी लागतात.

टिळकांची जागा पाहा. बराकी लाकडी फळ्यांच्या, फळ्यांमध्ये फटी. उन्हाळ्यात झळा आणि धूळ आत, पावसात पाणी आत, थंडीत गार वारा आत. १९२५ ते १९२७ या काळात सुभाषचंद्र बोस त्याच तुरुंगात होते. टिळकांनी सहा वर्षे कुठल्या हालात काढली हे बोसांनी स्वतः तिथे राहून ओळखले आणि लिहूनही ठेवले. अशा जागेत टिळकांनी आपला दिवस बांधून काढला. पहाटे उठणे, प्रातर्विधी आणि ईश्वरस्मरण, मग वाचन, ठरल्या वेळी पथ्याचे जेवण, पुन्हा वाचन, संध्याकाळी फिरणे. स्वयंपाकाला कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी दिलेला होता. बाहेर आल्यावर त्याने सांगितलेल्या आठवणींमुळे हा दिनक्रम आपल्याला कळतो. टिळक चिमण्यांना दाणे टाकत आणि त्या न भिता त्यांच्या अंगाखांद्यावर येऊन बसत, ही हकिकत त्याच आठवणींतून महाराष्ट्रभर पसरली. हळूहळू सुमारे चारशे पुस्तके खोलीत जमली. जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास झाला. दोन वर्षांच्या वाचनानंतर १९१० च्या नोव्हेंबरात लेखन सुरू झाले आणि मार्च १९११ च्या अखेरीस, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, ‘गीतारहस्य’चा खर्डा हातावेगळा झाला. लिहायचे पेन्सिलीने, कारण शाईला परवानगी नव्हती. सुटे कागद मिळत नसत, पाने मोजून आकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळत. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, त्याची खबर तारेने तुरुंगात पोहोचली. त्या घावानंतरही उरलेली दोन वर्षे दिनक्रम तसाच चालला. जून १९१४ मध्ये टिळक पुण्याला परतले ते थकून, पण कामाला उभे राहण्याच्या तयारीने.

आता रत्नागिरी. थिबा आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, गेला तेव्हा सत्तावन्न वर्षांचा. पहिली बरीच वर्षे भाड्याच्या बंगल्यांत गेली. पुढे सरकारने त्याच्यासाठी खाडी आणि समुद्र दिसेल अशा उंचवट्यावर तीन मजली राजवाडा बांधला. १९१० मध्ये तो तिथे राहायला गेला, म्हणजे नेमके ज्या वर्षी टिळक पेन्सिल हातात घेऊन बसले त्याच वर्षी. नोकरचाकर होते, तनखा होता, राणी सुपयालात आणि चार मुली जवळ होत्या. कोठडीच्या मानाने हे सारे वैभवच. पण गावाबाहेर जायचे तर परवानगी, कोणी भेटायला यायचे तर परवानगी, आणि खर्च भागेना म्हणून तनखा वाढवून मागण्याचे अर्ज पुन्हा पुन्हा. बरोबर आणलेले दागदागिने एकेक करून विकले गेले. डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथेच वारला आणि त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. सुपयालातला १९१९ मध्ये मायदेशी परतता आले. थिबाने हाती काय काम ठेवले होते याचा शोध घेऊ लागलो तर अर्जांपलीकडे फारसे काही सापडत नाही.

यावर सरळ आक्षेप असा येईल की टिळक कर्ते पुरुष होते आणि थिबा मुळातच ऐषारामी राजा. दोघांच्या स्वभावातला फरक मी परिस्थितीच्या माथी मारतो आहे. हा आक्षेप मला मान्य नाही. थिबा मठात शिकला होता, पाली ग्रंथांचे अध्ययन करून राजपुत्र असताना त्याने त्यांची अवघड परीक्षाही दिली होती. अभ्यासाची सवय आणि बुद्धी दोन्ही त्याच्यापाशी होती. रत्नागिरीत त्याच्यापाशी नव्हता तो भिक्षुसंघ. ज्यांच्याशी ग्रंथावर बोलावे असे समवयस्क नव्हते, केलेल्या अभ्यासाची वाट पाहणारा कोणी वाचक नव्हता. टिळकांना हे सगळे होते. पुण्याला धोंडोपंत विद्वांस यांना ते महिन्याकाठी एक पत्र लिहीत आणि त्या पत्रांतून हवी असलेली पुस्तके मागवत. ती पुस्तके शोधून, बांधून, परवानग्या मिळवून मंडालेला पोहोचवणारी माणसे पुण्यात होती. लिहिलेले वाचायला महाराष्ट्र उत्सुक होता. म्हणजे त्या फळ्यांच्या खोलीतला शांत दिनक्रम एकट्या टिळकांच्या निश्चयावर उभा नव्हता, त्याचा निम्मा भार पुण्यातली माणसे उचलत होती. टिळकांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. पण त्यांच्या निश्चयाचे गोडवे गाताना पुस्तकांची पार्सले बांधणारे हात आपण विसरतो, आणि मग घरातल्या वृद्धांना ‘मन रमवा, काहीतरी करा’ असा कोरडा उपदेश करून मोकळे होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टिळकांच्या शिक्षेला अंत होता. सहा वर्षे मोजता येत होती. थिबाच्या कैदेला तारीखच नव्हती. परतीचा दिवस ठरलेला असला की माणूस दिवस बांधू शकतो, नसला की दिवस विसविशीत होतात, हे खरे आहे आणि माझ्या म्हणण्यात ही भर घालायलाच हवी. परतीची वाट ही सुद्धा एक पुरवावी लागणारी गोष्ट आहे. मात्र तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. ब्रह्मदेशातल्या आणखी एका वृद्ध कैद्याकडे पाहा. शेवटचा मोगल बादशहा बहादुरशहा जफर याला १८५८ मध्ये रंगूनला नेले तेव्हा तो ऐंशी ओलांडलेला होता. बेगम झीनतमहल जवळ होती, परत जाण्याची आशा नव्हती. पण हा माणूस कवी होता, आणि कवीला दिवस भरायला कागद आणि लेखणी पुरते. नेमकी तीच त्याला नाकारली गेली. ७ नोव्हेंबर १८६२ ला तो तिथेच वारला. परतीची तारीख नसलेल्या माणसालाही काम देता आले असते, ते हेतुपुरस्सर दिले गेले नाही. तिघांनाही कैदेत ठेवणारे सरकार इंग्रजांचेच. त्यातल्या एकाला पेन्सिल मिळाली, त्याचा परिणाम आपल्यासमोर ग्रंथरूपाने आहे.

आता बौद्ध देशाचा मुद्दा. ब्रह्मदेश, थायलंड, श्रीलंका यांच्याविषयी आपल्याकडे अशी समजूत आहे की तिथल्या हवेतच शांती आहे. विहाराजवळ घर घेतले की म्हातारपण आपोआप निवांत होते. त्या देशांचा दिनक्रम नीट पाहिला तर वेगळेच दिसते. तिथला भिक्षू पहाटे उठतो, भिक्षेला निघतो, दिवसाचे शेवटचे जेवण मध्यान्हापूर्वी उरकतो, अमावास्या-पौर्णिमेला संघासमवेत नियमांचे पठण करतो, आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी वास करतो. आपल्या चातुर्मासाशी याचे नाते पंढरपूरच्या जिल्ह्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. गृहस्थाचाही त्यात वाटा आहे: पहाटे उठून भात शिजवायचा आणि पात्रात घालायचा. श्रीलंकेत तर प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. ती शांती म्हणजे रिकामा वेळ नव्हे. शतकानुशतके घोटलेले ते वेळापत्रक आहे, आणि त्यात प्रत्येकाकडे काहीतरी काम आहे. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये सिलोनला पोहोचले तेव्हा कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्षूंच्या विद्यालयात, सुमंगलाचार्यांपाशी प्रव्रज्या घेऊन, पाली शिकत, ते या वेळापत्रकाच्या आत शिरले, म्हणून तो देश त्यांना काही देऊ शकला. ते तेव्हा तरुण होते. आयुष्याची अखेर त्यांनी १९४७ मध्ये सेवाग्रामला, आपल्या माणसांत केली. टिळकांना तर मंडालेच्या विहारांत पाऊल टाकण्याचीही मुभा नव्हती. तरीही ‘गीतारहस्य’च्या परिशिष्टात गीता आणि बौद्ध ग्रंथ यांच्या संबंधावर स्वतंत्र विवेचन आले. ते पुस्तकांतून आले, भोवतालच्या हवेतून नव्हे.

आजच्या काळात याचे सर्वांत उघड उदाहरण थायलंड आहे. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला तिथे निवृत्तिवेतनधारक म्हणून राहता येते. थाई बँकेत आठ लाख बाट ठेवायचे किंवा महिन्याला पासष्ट हजार बाटचे उत्पन्न दाखवायचे, दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवायचा आणि परवाना दर वर्षी नवा करून घ्यायचा. चियांग माई, हुआ हिन अशा गावांत युरोप-अमेरिकेतले वृद्ध या सोयीवर राहतात. पण या परवान्यावर नोकरी करता येत नाही. म्हणजे कायदा राहायला जागा देतो आणि दिवस मात्र पूर्ण रिकामा करून हातात ठेवतो. ज्यांनी भाषा शिकली, बाग लावली, शेजाऱ्याच्या घरच्या दानविधीला जायची सवय लावून घेतली, त्यांना तो देश घर वाटू शकतो. बाकीच्यांना सकाळ-संध्याकाळ सारखीच. त्यांच्यावर पहारा नाही, दार उघडे आहे, तरी दिवसाचा प्रश्न थिबाचाच.

इथे एक माणूस हमखास म्हणेल की म्हातारपणी विश्रांती हा हक्क आहे, आयुष्यभर राबलेल्यांना पुन्हा कामाला का जुंपायचे. या आक्षेपामागची माया मी समजतो. पण सोलापुरातला साठी ओलांडलेला माणूस विश्रांती कशी घेतो ते पाहा. सकाळी सिद्धेश्वराचे दर्शन आणि तलावाकाठची फेरी, परतताना भाजी, कट्ट्यावर वर्तमानपत्राचे वाचन, दुपारी भाकरी-चटणी आणि झोप, संध्याकाळी भजन किंवा नातवाचा अभ्यास, एकादशीचा उपास, जानेवारीत गड्ड्याची जत्रा. यात नोकरी एकही नाही, पण काम प्रत्येक तासाला आहे, आणि प्रत्येक कामात आपली वाट पाहणारे कोणीतरी आहे. भाजीवाली एक दिवस न आल्याबद्दल विचारते. विश्रांती ही अशी असते. याच माणसाला विसाव्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत नेऊन मऊ कोचावर बसवले, तर त्याची विश्रांती वाढत नाही, ती हिरावली जाते. अनेक कुटुंबांत आईवडील तीन महिन्यांत ‘घरी सोडा’ म्हणतात तेव्हा मुलांना ती कृतघ्नता वाटते. ती तशी नसते. त्यांनी तिथे दिवस शोधला आणि तो सापडला नाही.

सोलापूरकरांच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे, आणि तिचा उपयोग करून घ्यावा असे मला मनापासून वाटते. या शहरात मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच बाजारात बोलल्या जातात. इथला वृद्ध माणूस आयुष्यभर दुसऱ्याची भाषा कामापुरती उचलत आला आहे. परकी लिपी, परके सणवार यांचा त्याला धसका नाही. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि चिनी भाषा शिकून तिथल्या माणसांत मिसळले, ते वयाने तरुण असले तरी याच शहराचे. सत्तरीच्या आजींना थाई किंवा जपानी भाजीबाजारात चार शब्द शिकवले तर त्या पाचवा स्वतः शिकतील. त्यांना बाजारात एकट्या जाऊ दिले पाहिजे, एवढेच.

म्हणून आईवडिलांना परदेशी नेण्याचा बेत असलेल्या मुलांना माझी विनंती आहे. तिकिटे काढण्यापूर्वी त्यांच्या इथल्या एका दिवसाची तासवार यादी करा, त्यांच्याच तोंडून. त्यातले कोणते तास तिकडे जसेच्या तसे नेता येतील, कोणत्या तासांना तिथे नवे काम द्यावे लागेल, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवा. स्वयंपाकघरातला एक कोपरा पूर्णपणे त्यांचा ठेवा. हातात फोन आणि पैसे द्या, हिशेब मागू नका. मराठी पुस्तके आणि मासिके दर महिन्याला पोहोचतील अशी व्यवस्था करा. परतीची तारीख लिहून भिंतीवर लावा आणि ती पाळा. सोलापूरचे घर विकू नका, निदान पहिली दोन वर्षे तरी त्याची किल्ली त्यांच्याच हातात राहू द्या.