छळाची मोजदाद

वर्णद्वेषी छळाची सुरुवात बहुधा दारावर थुंकण्यानें किंवा खिडकी फोडण्यानें होते. घटना सुटी पाहिल्यास खोडी ठरते. तीच रोज घडूं लागली म्हणजे कुटुंबाला उंबरठा ओलांडणेंही कठीण. मग मोजदाद करावी कशी? १९९३ सालीं लंडनमध्यें स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णी तरुणाचा खून झाला. त्या प्रकरणावरील १९९९ च्या मॅक्फर्सन अहवालानें सांगितलें कीं, पीडितास वा अन्य कोणासही जी घटना वर्णद्वेषी वाटेल, ती तशीच नोंदावी. नोंद म्हणजे निकाल नव्हे; तपास पुढें व्हावयाचाच. मात्र पोलिसांचे आंकडे वाढले म्हणजे छळच वाढला असें नव्हे. तक्रारीचा धीरही वाढलेला असेल. यास्तव इंग्लंडांत निवडक कुटुंबांना थेट विचारणारी गुन्हे-पाहणीही १९८२ पासून होत आली आहे. एकही तक्रार नसलेल्या वस्तींत शांतता आहे कीं भीति, हें विचारल्यावांचून कळत नाहीं.