मंडळी आणि घर

मराठीतला ‘मंडळी’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. सभेत वक्ता ‘मंडळी’ म्हणतो तेव्हा तो समोर बसलेल्या सगळ्यांना हाक मारत असतो. जुन्या पिढीतले गृहस्थ ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ असे म्हणत, तेव्हा ते पत्नीविषयी बोलत असत. ‘घरची मंडळी’ म्हणजे घरातली सारी माणसे. आणि मराठी ख्रिस्ती समाजात ‘मंडळी’ म्हणजे चर्चमध्ये एकत्र येणारा भाविकांचा समुदाय. समाज, घर आणि घरातली स्त्री, तिघांनाही एकच शब्द. चर्चने कुटुंबाला आधार कसा द्यावा, असे कुणी विचारले तर मला पहिल्यांदा हा शब्द आठवतो. घरची मंडळी दुःखात असेल, तर चर्चची मंडळी सुखी आहे असे कसे म्हणायचे?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात ख्रिस्ती समाज फार थोडा, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. अशा लहान मंडळीत एक ऊब असते. आजारपण असो, लग्न असो की मयत, एका घरी काही झाले की बाकीचे धावून जातात. घरचा कर्ता पुरुष मुंबईला, बोटीवर किंवा आखातात असेल, तर त्याच्या म्हातार्‍या आईला रविवारी उपासनेला कुणी आणायचे हे ठरवावे लागत नाही. पण याच उबेला दुसरी बाजूही आहे. सगळेच एकमेकांना ओळखतात, त्यामुळे घरातले दुखणे बोलून दाखवायला जागा उरत नाही. नवरा हात उगारतो, हे सुनेने सांगायचे कुणाला? पाळकसाहेब सासर्‍यांचे स्नेही आणि दीर चर्चच्या कमिटीत. एक शब्द बोलले तर चार घरांत पोहोचणार. मग ती गप्प राहते आणि बाकीच्यांना वाटते, घर कसे छान चालले आहे!

चर्च, घर आणि स्त्री यांचे हे नाते आपल्याकडे आजच चर्चेला आले आहे असे नाही. याच जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांचे उदाहरण पाहा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी त्यांना नवी मंडळी मिळाली, पण घरची मंडळी दुरावली. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन चार-पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या, तेव्हाही त्यांनी सोवळेओवळे टाकले नव्हते. त्यांचे स्वयंपाकपाणी वेगळे होते. माणसामाणसांतली शिवाशीव देवाने केलेली नाही, हे त्यांना स्वतःला पटले तेव्हा ती त्यांनी सोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली घेतला. पुढे ‘स्मृतिचित्रे’मधून हा सारा प्रवास त्यांनी कुणाचीही भीड न बाळगता सांगितला. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनीच पूर्ण केले.

टिळकांनी धर्म बदलताना पत्नीच्या मनाचा विचार किती केला, यावर आजही वाद घालता येईल. पण लक्ष्मीबाई चर्चच्या झाल्या त्या नवर्‍याच्या मागोमाग ओढल्या जाऊन नव्हे. त्यांना वेळ मिळाला आणि आपला निर्णय त्यांनी आपण घेतला. माणूस कुठल्याही समाजात मनापासून रुजतो तो असाच. टिळकांनाही हे उमगले असावे. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांसाठीही खुला होता.

दुसरे उदाहरण आधाराचे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ काढले. हे चर्च नव्हते, पण एका ख्रिस्ती स्त्रीने विधवांसाठी उघडलेले ते घर होते. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी रत्नागिरी जिल्ह्यातली, देवरूखची गोदूबाई जोशी. १८९३ मध्ये तिने मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. मुरूडकरांनी या जोडप्यावर बहिष्कार घातला. पुढे महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, त्यातून उभे राहिलेले काम आपल्याला ठाऊकच आहे. गोदूबाई ख्रिस्ती झाली नाही. शारदा सदनाने तिला निवारा आणि शिक्षण दिले, पुढचा रस्ता तिने स्वतः निवडला.

पण त्याच १८९३ मध्ये सदनावर गंडांतर आले. तिथे मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, असा आरोप झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. खरेखोटे काहीही असो, नुकसान झाले ते त्या मुलींच्या शिक्षणाचे. यातून घ्यायचा धडा असा की, मदतीच्या पाठीमागे काही अट आहे अशी शंका जरी आली, तरी ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज असते त्याच पहिल्यांदा दूर होतात.

आता बरोबरीविषयी. इथे कायद्याचा इतिहासही थोडा पाहावा लागतो. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा होता. त्यात पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबरच क्रूरता किंवा परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसती मारहाण पुरेशी नव्हती! मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. चर्चमधल्या आणि स्त्रियांच्या संघटना बरीच वर्षे बदलाची मागणी करत होत्या. अखेर २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि घटस्फोटाची कारणे स्त्री-पुरुषांना सारखी झाली. दावा चालू असताना पत्नीला मिळणार्‍या पोटगीवर पतीच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाची मर्यादा होती, तीही गेली. वारशाचे म्हणाल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलीला सारखा वाटा मिळतो. पण कागदावरचा वाटा हातात पडायला मुलीला आधी तो ठाऊक हवा. मग तिला कुणाची तरी साथ हवी.

ही साथ चर्च देऊ शकते. त्यासाठी मोठा पैसा लागत नाही.

एक म्हणजे ऐकून घेणारी जागा. मंडळीतल्या दोन समंजस, तोंड बंद ठेवू शकणार्‍या स्त्रियांवर हे काम सोपवावे आणि त्यांची नावे सर्वांना माहीत असावीत. शेजारच्या गावच्या मंडळीतली एखादी बाई असली तर आणखीच बरे, कारण ती कुणाच्या नात्यातली नसते. घरात मारहाण होत असेल तर पहिले काम समेटाचे नाही, सुरक्षिततेचे आहे. ‘सहन कर, प्रार्थना कर’ एवढेच सांगून बाईला परत पाठवणे हा धर्म नव्हे. जोडीदारापासून गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा कॅथलिक चर्चचा स्वतःचा धर्मकायदाच देतो. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. ही माहिती चर्चच्या सूचना फलकावर लावायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट लग्नाआधीची. कॅथलिक धर्मप्रांतांत वधूवरांसाठी विवाहपूर्व शिबिरे होतात. त्यांत प्रेम आणि निष्ठा यांच्या जोडीने घरखर्चाचा हिशेब, स्वयंपाकघरातले काम, दोन्हीकडच्या आईवडिलांची जबाबदारी, बायकोच्या नोकरीचा प्रश्न, हेही मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. नवरा मुंबईला आणि बायको गावाला, असा संसार कोकणात नवा नाही. तो कसा निभावायचा, हे आधी बोललेले बरे.

तिसरी गोष्ट निर्णयाची. संडे स्कूल, फुलांची सजावट, आजार्‍यांच्या भेटी ही कामे बहुतेक ठिकाणी बायका करतात. जमीनजुमला आणि तिजोरीचा हिशेब पुरुष पाहतात. बाहेर मात्र पुष्कळ बदलले आहे. दक्षिण भारताच्या चर्चमध्ये २०१३ साली पुष्पा ललिता बिशप झाल्या. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर खुली केली. मग आपल्या मंडळीची खजिनदार एखादी बाई का असू नये? खर्च कशावर करायचा हे ठरवताना बाई बसली, तर अडलेल्या मुलीची फी आणि विधवेच्या घराचे छप्पर यांची आठवण लवकर होईल.

शेवटची गोष्ट, कुटुंब कुणाला म्हणायचे ही. नवरा, बायको आणि दोन मुले एवढ्यालाच कुटुंब मानले, तर विधवा, घटस्फोटिता, अविवाहित प्रौढ माणसे आणि मुले परदेशी असलेली म्हातारी माणसे बाकावर असूनही बाहेरचीच राहतात. त्यांना नाताळच्या कार्यक्रमात नुसते बोलावून भागत नाही. त्यांच्यावर काम सोपवावे, त्यांचा सल्ला घ्यावा.

आणि हे फक्त चर्चपुरते आहे का? देऊळ असो, मशीद असो, बुद्धविहार असो, गावकीची बैठक असो, माणसे जिथे आपलेपणाने जमतात तिथे हा प्रश्न येतोच. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर एखादी बाई सगळ्यांच्या मागे रेंगाळलेली दिसली, तर घाईने दार लावू नका. तिला काही बोलायचे असेल.