राजमाची: आधी चाल, मग पंगत

रविवारी आमचा चालण्याचा ग्रुप लोणावळ्याहून राजमाचीला गेला. वाट साधारण 15 किलोमीटरची. अवघड नाही, पण लांब. उजाडताच निघालेलं बरं.

किल्ल्याला दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. वेळ कमी असेल तर उंच श्रीवर्धनच चढा. माथ्यावरून बोरघाटाचा मुलूख दिसतो आणि किल्ला इथेच का, ते उमगतं. कोकणातल्या बंदरांतून देशावर येणाऱ्या व्यापारी वाटेवरची ही चौकी! खाली कोंढाणे लेणी, तीही याच वाटेवरची.

जेवण मात्र किल्ला उतरल्यावरच, भरल्या पोटी चढ जड जातो. पायथ्याच्या उधेवाडीत घरगुती सोय होते. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते सांगा. आम्हाला चुलीवरची तांदळाची भाकरी, वाफाळतं पिठलं, ठेच्यावर कच्चं तेल.

वाटेबद्दल काहीही विचारा, सांगतो.