अंगणातला कॉसमॉस

पारशिवनीकडे उन्हाळा कडक, पाऊसही भरपूर. मग कॉसमॉसची फुले कधी लावायची? आम्ही सांगतो.

हे झाड मूळचे मेक्सिको देशातले. पांढऱ्या-गुलाबी जातीला थोडी थंडी मानवते. तिचे बी पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास पेरा. कडाक्याच्या गारठ्यात मात्र झाड मरते. म्हणून बर्फाच्या मुलखात लोक हिवाळा सरल्यावर पेरतात. नारिंगी-पिवळी जात ऊन सोसते. ती पावसाळ्यात लावा.

जागा उन्हाची हवी. काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून वाफा उंच करा. बियांवर थोडीच माती घाला. ८-१० दिवसांत रोपे दिसतात. दोन रोपांत १ फूट अंतर ठेवा. खत जास्ती झाले तर पाला माजतो, फुले कमी येतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवू. नारिंगी-पिवळी जात पुण्याच्या टेकड्यांवर रानोमाळ पसरली आहे. तिच्या दाटीत गवत मागे पडते. गवत गेले, तर गुरे काय खातील? म्हणून फूल सुकले, की बी गळायच्या आत खुडा. पेरणीपुरते बी पुडीत ठेवा. हे फूल अंगणात शोभते, गायरानात नको.